भुंडे हात

माझ्या बायकोच्या बांगडीचं माप मला लग्न झालं तेव्हा ठाऊक नव्हतं. आमीन आबांना ते ती कुरवंड्यात परकर-पोलकं घालून हिंडत होती तेव्हापासून ठाऊक होतं. लग्नानंतर आम्ही लोणावळ्याच्या बाजारपेठेत राहायला आलो आणि खालच्या गाळ्यात आबांचं दुकान निघालं. मंगलला पाहून ते उठून उभे राहिले. "कुरवंड्याची न्हवं का तू? सव्वादोन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे तुमी आमचे जावई." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी 'जावई'च राहिलो.

आमीन आबा मणेर. आजोबांपासून बांगड्यांचा धंदा. दुकान नावापुरतं, एक काचेचं कपाट आणि पुढे सतरंजी. खरा धंदा फिरतीवर चालायचा. खांद्याला पेटी लावून, मिळेल त्या गाडीनं, कुरवंडे, बेडसे, लग्नसराईत पार सुदुंबऱ्यापर्यंत. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, हीच माझी नोकरी. त्यामुळे आबा काहीच मोजत नाहीत याचं मला पहिल्यांदा नवल वाटायचं. समोर बाई बसली की ते तिचा हात हातात घेत, अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा दाबत आणि माप सांगत. मग पितळी वाटीतल्या पाण्यात साबणाची वडी फिरवायची, तो फेस तिच्या हाताला लावायचा, चार बोटं आणि अंगठा एकत्र मिटवायचा आणि बांगडी सरकवायची. सासरी निघालेल्या पोरी रडत असत, त्यांच्याशी आबा बोलत राहत, आणि बोलणं संपायच्या आत चुडा भरलेला असे.

बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. आबा ते जरा जास्तच पाळायचे. आमच्या जिन्यावर दिवा फुटला तेव्हाही ते वर येऊन सांगून गेले, "जावई, तुमचा दिवा वाढला."

त्यांची दुसरी सवय आजाऱ्याला भेटायला जायची. आपल्याकडे कोणी दवाखान्यात आहे म्हटलं की गावातून गाडी भरून माणसं जातात, हे नवं नाही. न गेलं तर बोल लागतो. पण आबांना बोल लागायचा प्रश्न नव्हता, ते नात्यातलेही नसत. तरी जायचे. आजाऱ्याचा हात हातात घेऊन बसायचे. फार बोलत नसत. पंजा दाबत, बोटं मोकळी करत. सगळी हयात बायकांचे हात हाताळलेला माणूस, त्यांच्या तळव्याला एक ऊब होती. कुरवंड्याच्या म्हाताऱ्या म्हणत, "आमीनचा हात लागला की निम्मं दुखणं जातं."

पेटीच्या वरच्या कप्प्यात टिकल्या आणि पिनांच्या शेजारी अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांची पाकिटं असत. कोणी बरं झालं की उरलेल्या कॅप्सूल आबांकडे द्यायच्या. आबा त्या पुढच्या वस्तीवर ताप आलेल्या कुणाला तरी द्यायचे. "दोन घे, उतरंल. उरल्या तर माघारी दे." औषध वाया जाऊ नये, एवढाच त्यात विचार. मंगलनं एकदा विचारलं, "आबा, तुम्हाला कसं कळतं कुठली कशावर?" तर म्हणाले, "लाल-पिवळी घशाला, हिरवी पोटाला. रंग तर मला कळतात ना गं?"

यावर आम्ही सगळे हसलो होतो.

मंगलची धाकटी बहीण सुनंदा, हिला कुरवंड्यातच दिलेली. तिचं आतडं फाटलं आणि तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. ऑपरेशन चांगलं झालं. काही दिवसांनी तिला अतिदक्षता विभागातून बायकांच्या वॉर्डात आणलं. मानेजवळच्या शिरेत नळी तशीच होती, तिच्यातून औषधं चालू होती. आता आठवड्यात घरी, असं डॉक्टर म्हणाले होते.

आबा भेटीच्या वेळेला आले, पेटीसकट, कारण ते परस्पर बेडशाहून येत होते. सुनंदाजवळ बसले, हात हातात घेतला आणि मनगट चाचपलं. ऑपरेशनच्या आधी तिच्या बांगड्या काढून घेतल्या होत्या.

"भुंड्या हातानं निजलीयास व्हय गं," आबा म्हणाले. "नवरा जिता-जागता हाय, पोरं हायती. बाईमाणूस असं निजलेलं मला बघवत न्हाई."

सुनंदाच्या आईच्या मनात तेच होतं, फक्त ती बोलली नव्हती. आबांनी पेटी उघडली. वाटीत पाणी आणलं, साबण लावला. "अडीचची तू, पर सव्वादोनच घालतो. वाळलीस." दोन-दोन हिरव्या बांगड्या, सुईच्या पट्टीला लागू नयेत अशा बेतानं. सुनंदा आजारपणात पहिल्यांदा हसली. ते शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पाहिलं. तीही भुंडीच होती. तिनं काही मागितलं नाही, नुसता हात पांघरुणाबाहेर काढून ठेवला. आबांनी तिलाही भरल्या. मग तिच्या पलीकडची. असं करत आबा वॉर्डभर फिरले. तीच वाटी, तेच पाणी. पैसे कोणाकडून घेतले नाहीत. एक सिस्टर दारातून ओरडली, "अहो काका, हे काय चालवलंय?" पण तोवर पेटी मिटली होती आणि सगळ्या बायकांचे हात भरलेले होते.

बेडशाच्या एका बाईनं, तिचं नाव लता, पोटाच्या दुखण्यासाठी आली होती, बांगड्या वाजवून दाखवल्या आणि म्हणाली, "आबा, आता जरा घरात असल्यागत वाटतंया."

दोन-तीन दिवसांत सुनंदाला ताप चढला. साधा नाही, खाट हलेल अशी थंडी वाजून. तिला परत अतिदक्षता विभागात नेलं. लतालाही नेलं. रक्त तपासायला गेलं. रक्तात जंतू वाढायला वेळ लागतो, ते वाढले की त्यांच्यावर एकेक औषध लावून बघतात, असं डॉक्टरांनी समजावलं. रिपोर्ट आला तेव्हा आबा माझ्याशेजारी बाकावर होते. त्यावर औषधांची नावं एकाखाली एक होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच इंग्रजी अक्षर.

"ह्ये पास का नापास?" आबांनी विचारलं.

"नापास," मी म्हणालो.

"कोन? सुनंदा?"

"औषधं. हे जंतू या औषधांना दाद देत नाहीत."

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सरळ. रक्तात जंतू शिरलेत. नेहमीची औषधं चालणार नाहीत. एक औषध उरलंय, ते मूत्रपिंडाला जड जातं, तरी देतोय. मी विचारलं, वाचण्याची शक्यता किती? ते म्हणाले, "आकडा विचारू नका. देऊ शकत नाही." आकड्यावाचून घरी सांगायला माझ्यापाशी काहीच नव्हतं.

आबांनी विचारलं, "एवढी औषधं नापास कशी हुतात, डाक्टर?"

"वापरून वापरून," डॉक्टर म्हणाले. "अर्धवट घेतली, नको तिथं घेतली, आम्हीही नको तिथं लिहून दिली. मरायचे ते जंतू मेले, चिवट होते ते उरले, त्यांचीच पिलावळ वाढली."

आबांनी पेटीचा वरचा कप्पा ओढला, सगळी पाकिटं काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि कप्पा पुन्हा लावला.

त्या हॉस्पिटलात संसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या एक सिस्टर होत्या, वैशाली सिस्टर. त्या वॉर्डातले नळ, खाटांचे कठडे, परिचारिकांचे हात, सगळ्याचे नमुने घेत होत्या. त्यांनी आबांना बोलावलं. आबा मला घेऊन गेले. सिस्टरांनी विचारलं, कुठून सुरुवात केली, कोणाला आधी भरल्या, पाणी बदललं का. आबांनी सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, माझ्या हातानं झालं का?"

"सांगता येत नाही, आबा," त्या म्हणाल्या. "हे जंतू वॉर्डातल्या बेसिनमध्येही सापडलेत. आमच्या हातानं गेले असतील, नळीतून गेले असतील. तुमच्या हातानंही गेले असतील. एका बाईच्या कातडीवर असतात, तिला काही होत नाही. हाताला लागून पुढे जातात आणि ज्याच्या शिरेत नळी आहे त्याच्या रक्तात शिरतात."

"मग माझ्या हातानं न्हाई झालं, असं तरी सांगता यील का?"

"नाही. तेही सांगता येणार नाही."

मी हे जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. त्यावर मी निकाल देत नाही. ज्याचा हिशोब लागत नाही ते मी 'लागलं' म्हणून लिहीत नाही. आणि म्हणूनच हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही.

जिन्यातून खाली उतरताना आबा एवढंच म्हणाले, "सगळी हयात साबण हातात घेऊन बसलो, जावई. बांगडी सरकावी म्हणून."

लता गेली. सुनंदा त्या वेळी अजून अधांतरीच होती. आबा मला म्हणाले, "बेडशाला यायचं का?" मी गाडी काढली. पवनेच्या बाजूला भातखाचरांत लावणी चालू होती, त्या बायकांनी आबांना ओळखून हात केला. आबांनी पाहिलं नाही. ते तिथे काय सांगायला चालले होते ते मला कळत होतं, आणि त्यांनी ते सांगू नये असंही वाटत होतं. पण ते माझं काम नव्हतं.

लताची सासू ओट्यावर बसलेली होती. आबा पायरीवरच टेकले. "मावशी, मी हितं एक सांगाया आलोय," असं त्यांनी सुरू केलं. म्हातारीनं त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि हात जोडले.

"आमीनभाऊ, तुमचं उपकार कसं फेडू? दवाखान्यानं पोरीला भुंडी केलती. तुमी भरल्यात म्हनून ती सवाष्णीवानी भरल्या हातानं गेली. समद्या गावानं बघितलं. न्हाईतर माज्या जिवाला घोर राहिला असता."

आबा बसून राहिले. मग उभे राहून म्हणाले, "मावशी, मला जे सांगायचंय ते तुमाला ऐकावंच लागंल." आणि त्यांनी सांगितलं. वाटी, पाणी, साबण, सिस्टर काय म्हणाल्या ते, जसंच्या तसं, स्वतःच्या बाजूनं काही कमी न करता. म्हातारी ऐकत होती. तिला जंतूंचं किती समजलं मला माहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमचा हात वाईट असंल असं मला न्हाई वाटत, भाऊ."

"मावशी, हात वाईट नसतो," आबा म्हणाले. "धुतलेला नसतो."

चहा आला होता. तो त्यांनी घेतला, कारण न घेणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर सुनंदा घरी येईपर्यंत आबा रोज भेटीच्या वेळेला हॉस्पिटलात जात, पण आत कधीच गेले नाहीत. अतिदक्षता विभागाच्या अलीकडे हात धुवायचं बेसिन होतं, त्याच्याजवळच्या बाकावर बसत. वैशाली सिस्टरांनी आधी हटकलं, मग राहू दिलं. गावाकडून गाडी आली की आबा उठत.

"किती जण हायसा? आत एकच जाईल. बाकीच्यांनी हितं बसा माज्यापाशी, मी काय चावत न्हाई."

कुरवंड्याचा एक गडी चिडला. "आबा, आमी काय शेणाच्या हातानं आलोय व्हय?"

"शेण दिसतं रं बाबा. दिसलं तर तूच धुशील. बोटांच्या बेचक्यात घाल साबण. अंगठा राहिला. अंगठा समदेच इसरत्यात."

अंगठ्याबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

सुनंदाची आई भैरवनाथाचा अंगारा घेऊन आली. पुडीतला अंगारा लेकीच्या कपाळाला लावायचा आणि चिमूटभर जिभेवर. तिला सिस्टरांनी अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराशी अडवलं तेव्हा ती रडायला लागली. नवस केला होता, अनवाणी डोंगरावर त्याच्या देवळात जाऊन आली होती. आबा तिच्याजवळ गेले.

"नाथ किती उंचावरनं गाव बघतो, वयनी?"

"लय उंचावरनं."

"मग त्येला एका काचेतनं दिसणार न्हाई व्हय? पुडी काचेला लावून धरा. माजं नाव सांगा, म्हनावं आमीननं थांबवलं. राग आला तर माज्यावर काढंल, पोरीवर न्हाई."

म्हातारी रडता रडता हसली. "तुज्यावर काय काढंल, तू तर त्येच्या जत्रंत बांगड्या इकतोस." तिनं पुडी काचेला लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

सुनंदा वाचली. मूत्रपिंडाला व्हायचा तो त्रास झाला, अजून तपासण्या चालू असतात. घरी आल्यावर तिनं आबांना बोलावून घेतलं, बांगड्या भरायला. आबांनी आधी स्वतःचे हात धुतले, मग तिचे, मग वाटी, मग बांगड्या. वाटीतलं पाणी ओतून दिलं आणि नवं घेतलं. पुढे प्रत्येक बाईसाठी ते असंच करत राहिले. जत्रेत रांग लागायची, बायका कुरकुरायच्या, "आबा, बांगड्या भरताय का मुंज लावताय?" आबा ऐकून घेत. पेटीचा वरचा कप्पा त्यांनी रिकामाच ठेवला. आजाऱ्यांचे हात हातात घेऊन बसणं मात्र त्यांनी कायमचं सोडलं. घरी कोणी आजारी असलं तरी ते उंबऱ्याशी बसत. मला वाटतं, त्यांना तेच सगळ्यात जड गेलं.

त्यांना साखर होती. पायाला जखम झाली, ती चिघळली. मुलानं त्यांना त्याच हॉस्पिटलात नेलं. पुढचं मी थोडक्यात सांगतो. जंतू रक्तात गेले, आणि रिपोर्टवर पुन्हा तेच अक्षर. आबांना काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. त्यातून ते उठले नाहीत.

ते त्या खोलीत होते तेव्हा गावोगावची माणसं आली. कुरवंड्याची आली, बेडशाची आली, लताची सासूसुद्धा. कोणी आत जायचं म्हणून हट्ट केला नाही. एकेक जण बेसिनपाशी जाऊन हात धुई आणि खाली आवारात जाऊन बसे. आत जायचं नसेल तर हात धुवायचं कारण नाही, हे मी एकाला सांगितलं. तो म्हणाला, "आबा इचारत्याल."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते काचेतून. आत एकालाच सोडणार होते. आबांच्या मुलानं सुनंदाला जाऊ दिलं. आत जायचं तर कोपराच्या खाली काही चालत नाही, घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगड्या नाहीत. सुनंदानं एक क्षणही विचार केला नाही. साबण लावून एकेक बांगडी उतरवली, न वाढवता, आणि माझ्या हातात दिल्या. मग हात धुतले, अंगठ्यासकट. अंगरखा घातला, हातमोजे चढवले.

आबांचे डोळे मिटलेले होते. तिनं हात पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि थोड्या वेळानं त्यांचा अंगठा हळूहळू सरकत तिच्या अंगठ्याच्या मुळाशी गेला आणि रबरावरून दाबत राहिला. त्यांचे ओठ हलले. काचेतून काही ऐकू येत नव्हतं.

सुनंदा बाहेर आली, हातमोजे डब्यात टाकले, पुन्हा हात धुतले. मग आम्हाला सांगितलं. आबा म्हणाले होते, "अडीच झालीस की परत." मग मनगटापर्यंत चाचपून म्हणाले, "भुंडा का गं?"

"धुतलाय, आबा. बांगड्या बाहेर ठेवल्यात."

"बरं केलंस," आबा म्हणाले, आणि हात सोडला नाही.

मी रुमालातल्या बांगड्या तिच्यापुढे केल्या. ती म्हणाली, "थांबा, दाजी. हात वाळू द्या."